आठवा महिना म्हणजे ऑक्टोबर: क्वेकरांच्या मीटिंग आणि त्यांची दप्तरं

एक तारीख बघा: "आठवा महिना, 22, 1734."

केंटकीच्या जंगलात वाट पाडणारा म्हणून अमेरिकेत शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेल्या डॅनियल बूनची ही जन्मतारीख, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या रीतीने लिहिलेली. ती वाचून कोणीही चटकन 22 ऑगस्ट म्हणेल, आणि चुकेल. ती 22 ऑक्टोबर आहे. आजच्या कॅलेंडरात बसवायची तर 2 नोव्हेंबर. एकाच बाळंतपणाच्या तीन तारखा तयार झाल्या. वंशावळ शोधायला निघालेल्या हौशी माणसाचा पहिला पाय इथेच घसरतो.

हे कोडं सोडवायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. सप्टेंबरमध्ये सप्त आहे, ऑक्टोबरमध्ये अष्ट, नोव्हेंबरमध्ये नव, डिसेंबरमध्ये दश. लॅटिन आणि संस्कृत एकाच घराण्यातल्या, त्यामुळे अंक कानाला ओळखीचे लागतात. मग सातवा सप्टेंबर नवव्या जागी कसा गेला? कारण जुनी मोजणी मार्चपासून होती. इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत 1751 पर्यंत कायद्याचं नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. क्वेकरांनी मार्चला पहिला महिना धरलं आणि पुढे आकडेच वापरले, कारण महिन्यांची आणि वारांची रूढ नावं त्यांना चालत नव्हती. जानेवारी जेनस देवाचा, मार्च मार्सचा, वेन्सडे वोडनचा, थर्सडे थॉरचा. परक्या दैवतांची नावं रोज तोंडाने का घ्यायची? म्हणून रविवार झाला "पहिला दिवस", सोमवार "दुसरा दिवस". आपले सातही वार ग्रहांच्या नावाचे आहेत. त्यांच्या हाती लागते तर तेही खोडले गेले असते.

पुढे ब्रिटिश पार्लमेंटने कॅलेंडर बदललं. 1751 साल 25 मार्चला सुरू होऊन 31 डिसेंबरलाच संपलं, म्हणजे जेमतेम 282 दिवसांचं. 1752 पासून वर्ष 1 जानेवारीला लागू लागलं आणि त्याच वर्षी 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट 14 सप्टेंबर उजाडला. क्वेकरांनीही मोजणी सरकवली आणि जानेवारीला पहिला महिना केलं. त्यामुळे 1751 पर्यंतच्या नोंदीतला आठवा महिना ऑक्टोबर असतो आणि 1752 पासूनचा ऑगस्ट. जानेवारी ते 24 मार्च या पट्ट्यात तर सालही बदलतं. या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स वारला तो दिवस, साल आपल्यासारखं जानेवारीपासून मोजलं तर, 13 जानेवारी 1691, आणि त्याच्या अनुयायांच्या हिशेबाने अकरावा महिना, 13, 1690. जुन्या कागदांत "1690/91" असं जोडसाल दिसलं तर ती कारकुनाची चूक समजू नये. उलट त्याचे आभार मानावेत.

आता ही माणसं कोण होती ते पाहू.

फॉक्स हा इंग्लंडच्या लेस्टरशरमधल्या विणकराचा मुलगा, जन्म 1624 चा. तरुणपणी चांभारकामाची उमेदवारी केलेला. त्याचं म्हणणं असं की देवाचा उजेड प्रत्येक माणसाच्या आत आहे, तो पाहायला पाद्री लागत नाही, चर्चची इमारत लागत नाही, बाप्तिस्म्याचं पाणीही लागत नाही. 1652 मध्ये उत्तर इंग्लंडात त्याला अनुयायी मिळाले आणि अल्व्हरस्टनजवळचं स्वार्थमूर हॉल हे मार्गारेट फेलचं घर त्यांचं मुख्य ठाणं बनलं. मार्गारेट एका न्यायाधीशाची बायको. तो वारल्यानंतर काही वर्षांनी, 1669 मध्ये, तिने फॉक्सशी लग्न केलं. हे लोक स्वतःला "फ्रेंड्स" म्हणवत. "क्वेकर", म्हणजे थरथरणारे, हे चिडवायचं नाव. 1650 मध्ये डर्बीच्या एका मॅजिस्ट्रेटला फॉक्सने देवाच्या शब्दापुढे थरथर काप असं सुनावलं, त्यावर त्याने ते नाव ठेवलं, अशी फॉक्सची स्वतःची हकीकत आहे.

त्यांच्या वागण्यात समोरच्याला चीड येईल असं बरंच होतं. तेव्हाच्या इंग्रजीत आपल्यासारखाच "तू" आणि "तुम्ही" असा भेद होता आणि क्वेकर सगळ्यांना "तू" म्हणत. कोर्टात उभं राहून न्यायाधीशाला "अरे, तू" म्हणायचं, वर डोक्यावरची हॅट काढायची नाही, शपथ घ्यायची नाही, आणि चर्चचा दशांश कर द्यायचा नाही. मग तुरुंग ठरलेलाच. 1662 च्या क्वेकर अ‍ॅक्टने त्यांच्या पाच किंवा जास्त जणांनी उपासनेला जमणं गुन्हा ठरवलं.

"मीटिंग" हा शब्द इथेच नीट समजून घ्यायला हवा, कारण क्वेकरांच्या तोंडी तो एका अर्थाने येत नाही. रविवारी सगळे एका खोलीत गप्प बसतात आणि कोणाला आतून बोलावंसं वाटलं तर ती बाई किंवा तो पुरुष उठून बोलतो, ही झाली उपासनेची मीटिंग. पण "मीटिंग" म्हणजे मंडळीही आणि त्या मंडळीचा इलाखाही. आसपासच्या चारदोन उपासना-मीटिंग मिळून एक मंथली मीटिंग. ती महिन्यातून एकदा कामकाजासाठी बसते. काही मंथली मिळून क्वार्टर्ली, आणि सगळ्यांच्या वर इयर्ली. तालुका, जिल्हा, प्रांत अशी उतरंड डोळ्यांपुढे आणली की झालं. 1660 च्या दशकाच्या उत्तरार्धात फॉक्स तुरुंगातून सुटला तो घोड्यावर बसून देशभर ही व्यवस्था लावत हिंडला. पूर्वज शोधणाऱ्याला यातला तालुका, म्हणजे मंथली मीटिंग, सगळ्यात कामाचा. जन्म, लग्नं, मृत्यू, भांडणं, मदत, हकालपट्टी, सगळं तिथल्या वहीत.

या कामकाजात मतदान नसतं. क्लार्क नावाचा माणूस चर्चेचा एकूण कल ओळखतो, तिथल्या तिथे मजकूर लिहितो, सगळ्यांना वाचून दाखवतो आणि सर्वांना पटला तरच तो वहीत जातो. आपल्या सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त महिन्याभराने सेक्रेटरीच्या सोयीने तयार होतं, त्याच्या अगदी उलट. म्हणून या जुन्या वह्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो. निदान लिहिलं गेलं ते सगळ्यांच्या कानांवरून गेलेलं असतं.

पण पाद्री नको, विधी नको म्हणणाऱ्या लोकांना एवढं लिहिण्याची हौस कुठून आली?

हौस नव्हतीच, गरज होती. त्या काळी इंग्लंडात माणसाचा जन्म, लग्न, मरण सिद्ध करायचं साधन एकच, गावच्या चर्चची नोंदवही. पोराला बाप्तिस्मा दिला नाही, पाद्र्यासमोर लग्न केलं नाही, चर्चच्या आवारात पुरलं नाही, की त्या वहीतून माणूस गळला. मूल औरस आहे हे कशावरून सांगणार? बापाच्या जमिनीवर हक्क कसा लावणार? 1656 मध्ये यॉर्कशरमधल्या बॉल्बी गावी जमलेल्या वडीलधाऱ्यांनी पत्र काढलं, त्यात जन्म आणि दफन यांची नोंद ठेवा असं स्पष्ट सांगितलं आहे. 1661 मध्ये नॉटिंगहॅमला तसा खटलाच उभा राहिला. एक क्वेकर मेला, बायको गरोदर होती, आणि लग्न पाद्र्याने लावलेलं नाही तेव्हा मूल वारस नव्हे, असा दावा एका नातेवाइकाने जमिनीसाठी ठोकला. निकाल मुलाच्या बाजूने लागला. असा प्रसंग उद्या आपल्यावर आला तर हातात कागद हवा, हे सगळ्यांनी मनात पक्कं केलं असणार.

हे लग्नच जरा जवळून पाहू. मुलगा आणि मुलगी मंथली मीटिंगपुढे उभी राहून आपला इरादा सांगत. मीटिंग दोनदोन माणसं नेमून चौकशी करी. कोणाचं दुसरीकडे ठरलेलं नाही ना, आईबापांची संमती आहे ना, विधवा असेल तर पहिल्या नवऱ्याच्या मुलांच्या वाट्याची तजवीज झाली का? पुढच्या महिन्यात ती दोघं परत येत, "अजून विचार तोच आहे" म्हणत, चौकशीचा अहवाल ऐकला जाई आणि परवानगी मिळे. लग्नाच्या दिवशी पाद्री नाही, अंगठी नाही. शांत बसलेल्या मंडळींसमोर दोघं एकमेकांचा हात धरून वचन देत. मग एक मोठा कागद पुढे येई. त्यावर वधूवरांची नावं, त्यांच्या आईबापांची नावं, गाव, धंदा, वचनाचे शब्द आणि खाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या. आधी वधूवर सही करत, मग बाकीचे. बहुतेकदा उजवीकडच्या रांगेत वरच्या बाजूला जवळची नातेवाईक मंडळी दाटीने असत. संशोधकाला एका कागदात दोन घराण्यांचा गोतावळा मिळतो, कोण हयात होतं, कोण त्या दिवशी आलं होतं यासकट. पत्रिकेवरची "आमच्या येथे श्रीकृपेकरून" ही यादी छापायला दिलेली असते. ही प्रत्यक्ष बसलेल्या माणसांची.

ही पद्धत इतकी भक्कम ठरली की 1753 मध्ये पार्लमेंटने लग्नं फक्त अ‍ॅंग्लिकन चर्चमध्येच, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच, लागली पाहिजेत असा कायदा केला, तेव्हा क्वेकर आणि ज्यू या दोघांना त्यातून वगळलं.

जन्माच्या नोंदीतही क्वेकर सरस. चर्चची वही बाप्तिस्म्याची तारीख देते. तो कधी आठवड्यात, कधी दोन वर्षांनी चार भावंडांचा एकदम. क्वेकरांच्या वहीत मूल जन्मलं तो दिवस असतो. 1776 पासून इंग्लंडात त्यांनी छापील फॉर्म आणले. दफनाच्या बाबतीत तर वही हाच एकमेव आधार, कारण कबरीवर दगड लावणं त्यांना बडेजाव वाटे. 1850 पर्यंत लंडनच्या इयर्ली मीटिंगने त्याला मान्यता दिली नव्हती. त्यांच्या जुन्या दफनभूमीत गेलात तर नुसतं गवत दिसेल.

आता बूनच्या घरी परत जाऊ, कारण या दप्तरांचा खरा स्वभाव तिथे कळतो.

डॅनियलचा बाप स्क्वायर बून इंग्लंडच्या डेव्हनमधून पेनसिल्व्हेनियात आलेला. ही वसाहत क्वेकर विल्यम पेनने 1681 मध्ये राजाकडून सनद मिळवून वसवली होती. स्क्वायरचं लग्न सारा मॉर्गनशी 1720 मध्ये ग्विनेड मीटिंगमध्ये झालं. पुढे ग्विनेडमधून ओली नावाची नवी मंथली मीटिंग फुटली आणि 1742 मध्ये तिचं नाव एक्झेटर झालं. कुटुंबाचं बिऱ्हाड फारसं हललेलं नसताना वही बदलली आणि वहीचं नावही बदललं. तालुका फुटला की सातबारा शोधताना जी धावपळ होते तीच ही. "पूर्वज अचानक गायब झाले" असं वाटलं तर माणसं हलली का हे बघण्याआधी मीटिंग फुटली का ते बघावं.

1742 मध्ये बूनांच्या थोरल्या मुलीने, तिचंही नाव सारा, पंथाबाहेरच्या जॉन विल्कॉक्सनशी लग्न केलं. लग्नाच्या वेळी ती गरोदर होती. आईबापांना मीटिंगपुढे माफी मागावी लागली. पाच वर्षांनी थोरला मुलगा इस्रायल, त्यानेही तेच केलं. या वेळी बाप अडून बसला, मुलाची बाजू सोडली नाही. मीटिंगने त्याला काढून टाकलं.

याला त्यांचा शब्द "डिसओन". वाळीत टाकणं असं भाषांतर करायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. काढून टाकलेल्या माणसाचं पाणी तोडत नसत. तो रविवारी उपासनेला येऊन बसू शकत असे. फक्त कामकाजात त्याला स्थान नाही आणि मंडळी त्याच्या वागण्याची जबाबदारी घेत नाही. चुकलं असं लिहून दिलं तर परतही घेत. मात्र हा सगळा मामला वहीत उतरे: तक्रार आली, अमुक दोघे भेटायला गेले, तो ऐकत नाही, पुन्हा गेले, अजून ऐकत नाही, निर्णय.

माझं मत विचाराल तर या दप्तरांची श्रीमंती इथेच आहे. सरळमार्गी माणूस जन्म, लग्न, दफन अशा तीन ओळींत संपतो. ज्याने कर्ज बुडवलं, दारू प्यायली, मिलिशियात, म्हणजे स्थानिक लष्करी दलात, नाव घातलं किंवा परक्या पोरीशी लग्न केलं त्याच्यावर पानंच्या पानं. आपल्या घराण्यात कोणीतरी बंडखोर निघावा अशी प्रार्थना क्वेकर वंशावळ शोधणाऱ्याने जरूर करावी.

बेट्सी रॉस आठवते? अमेरिकेचा पहिला झेंडा शिवल्याची दंतकथा जिच्या नावावर आहे ती. एलिझाबेथ ग्रिस्कम म्हणून क्वेकर घरात जन्मली ती 1 जानेवारी 1752 ला, म्हणजे इंग्रजी मुलखात 1 जानेवारीला कायद्याने वर्ष लागलं त्या पहिल्याच दिवशी. 1773 मध्ये तिने पळून जाऊन अ‍ॅंग्लिकन पाद्र्याच्या मुलाशी, जॉन रॉसशी, लग्न केलं आणि तिचीही गत स्क्वायर बूनसारखीच झाली. इंग्लंडात अशा लग्नांवरची हकालपट्टी थेट 1860 च्या सुमारास थांबली. तोवर किती तरुण माणसं गमावली याचा हिशेब पंथाला फार उशिरा लागला.

बायकांचं कामकाज बऱ्याच ठिकाणी वेगळं चाले आणि वहीही वेगळी असे. मुलीबाळींच्या चौकशा, लग्नाची छाननी, गरीब बायकांना मदत हे त्यात सापडतं. घाईत असलेला शोधक पुरुषांची वही चाळून हात झटकतो आणि आजीची अर्धी गोष्ट शेजारच्या वहीत पडून राहते.

माणूस एका मीटिंगमधून दुसरीकडे राहायला निघाला की सोबत दाखला न्यायचा: हा आमचा सदस्य, वागणूक ठीक, देणी चुकती केलेली, लग्नाच्या बंधनातून मोकळा किंवा अमुक बायकामुलांसह. शाळा सोडल्याचा दाखला असतो तसा. निघताना जुन्या वहीत नोंद, पोचल्यावर नव्या वहीत नोंद. यामागे पैशाचाही प्रश्न होता. गरजू सदस्याला पोसण्याची जबाबदारी त्याच्या मंथली मीटिंगची असल्याने तो नेमका कोणाचा, हे ठरवावंच लागे. 1737 मध्ये लंडनच्या इयर्ली मीटिंगने तसे नियमच केले आणि बायकामुलांना घरच्या कर्त्याबरोबर सदस्य धरलं. पुढे यालाच जन्मसिद्ध सदस्यत्व म्हणू लागले.

या दाखल्यांमुळे आख्खी स्थलांतरं नकाशावर काढता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅरोलिनातले क्वेकर गुलामगिरीला कंटाळून उत्तरेकडे निघाले. नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यू गार्डनच्या वहीतून निघालेली नावं ओहायोच्या मायामी मंथली मीटिंगमध्ये किंवा इंडियानाच्या व्हाइटवॉटरमध्ये उगवतात. (हे मायामी फ्लोरिडातलं नव्हे. यातही लोक फसतात.)

हा सगळा पसारा पिंजून काढणारा माणूस निघाला तो एक गवई. विल्यम वेड हिन्शॉ न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात गात असे. उतारवयात त्याने अमेरिकाभरच्या मंथली मीटिंगच्या वह्यांतून नावं काढवून घेतली आणि 1936 पासून क्वेकर वंशावळींचा कोश छापायला घेतला. जागा वाचवायला त्याने संक्षेप वापरले. "जीसीटी" म्हणजे अमुक मीटिंगसाठी दाखला दिला, "आरओसीएफ" म्हणजे तिकडून दाखला घेऊन आला, "डिस" म्हणजे काढून टाकला. आणि सगळ्यात गमतीचा "एमओयू". आपल्याकडे पेपरात एमओयू म्हटलं की मंत्री आणि उद्योगपती हसत हात मिळवतात. हिन्शॉच्या कोशात त्याचा अर्थ आहे "एकमत मोडून बाहेर लग्न केलं".

कोशावर थांबू नये मात्र. तो नोंदींचा सारांश आहे, खरी हकीकत मूळ वहीत. अमेरिकेतल्या पुष्कळ वह्या स्वार्थमोर, हॅवरफर्ड आणि गिलफर्ड या कॉलेजांच्या संग्रहांत आहेत. 1827 मध्ये फिलाडेल्फियात पंथ फुटला आणि हिक्साइट व ऑर्थोडॉक्स असे दोन गट झाले. तेव्हापासून एकाच गावात एकाच नावाच्या दोन मंथली मीटिंग असू शकतात आणि प्रत्येक गट दुसऱ्याच्या माणसांना काढून टाकल्याची नोंद करतो. त्या वर्षांत पणजोबा "डिस" दिसले तर दारूचा संशय घेण्याआधी फाटाफूट आठवावी.

इंग्लंडात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. 1 जुलै 1837 पासून सरकारने स्वतः जन्म-मृत्यू-विवाह नोंदवायला सुरुवात केली आणि जुन्या वह्या मागितल्या. क्वेकरांनी 1840 मध्ये त्या दिल्या, कारण सरकारजमा झालेल्या वह्या कोर्टात पुरावा म्हणून चालणार होत्या. पण देण्याआधी त्यातल्या नोंदी आद्याक्षरांनुसार उतरवून काढल्या. मूळ वह्या आता लंडनमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि त्या नकलांचा संच क्वेकरांच्या फ्रेंड्स हाउस ग्रंथालयात. आज बरंचसं घरबसल्या स्कॅन स्वरूपात दिसतं.

छळाचीही दप्तरं आहेत. लंडनमध्ये 1670 च्या दशकात "मीटिंग फॉर सफरिंग्ज" नावाची समिती बसली. कोणाला किती दिवस कैद झाली, दशांश दिला नाही म्हणून कोणाच्या गोठ्यातून कोणती गाय ओढून नेली, तिची किंमत किती, हे सगळं गावोगावहून तिच्याकडे लिहून येई. हेतू सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचा. आज साडेतीनशे वर्षांनी एखाद्याला पूर्वजाचा चेहरा माहीत नसतो, पण त्याची गाय माहीत असते.

एक वही मात्र वाचताना हात थबकतो. पेनसिल्व्हेनियातले कितीतरी क्वेकर स्वतःच गुलाम बाळगून होते. जर्मनटाउनच्या चौघांनी 1688 मध्येच याविरुद्ध लेखी निषेध केला होता, पण फिलाडेल्फियाच्या इयर्ली मीटिंगला गुलाम बाळगणाऱ्यांना काढून टाकायचं ठरवायला 1776 उजाडावं लागलं. त्या दशकात मुक्तीचे कागद लिहून ते मीटिंगच्या दप्तरात नोंदवले गेले. मालकाचं नाव, मुक्त होणाऱ्याचं नाव, कधी वय. काही कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्या पूर्वजाचं नाव पहिल्यांदा सापडतं ते अशा कागदावर, त्याच्या मालकाच्या नावाखाली.

बून कुटुंब 1750 मध्ये जमीन विकून नॉर्थ कॅरोलिनाकडे निघालं. बापाला काढल्यानंतरही आई पोरांना घेऊन मीटिंगला जात राहिली होती. डॅनियल मात्र त्या वाटेला गेला नाही. त्याचं रिबेका ब्रायनशी लग्न झालं ते याडकिनच्या खोऱ्यात, आणि लावलं त्याच्या बापानेच. स्क्वायर बून तोवर तिथला मॅजिस्ट्रेट झाला होता. सह्यांचा मोठा कागद नाही, दोन महिन्यांची चौकशी नाही. तारीख 14 ऑगस्ट 1756. क्वेकरांच्या वहीत ती गेली असती तर तीही "आठवा महिना" म्हणूनच, आणि या वेळी ऑगस्ट म्हणणाऱ्याचं बरोबर आलं असतं.